खाऱ्या पाण्याचं दार

तिसऱ्या दिवशी सकाळी बीबी बद्रियानं काठी दोनदा जमिनीवर आपटली आणि बायकांच्या दालनातली सगळी कुजबुज बंद पाडली.

"दाऊद आला का?"

कडू कॉफीचे पेले फिरवणारी शेजारीण जागच्या जागी थांबली.

"नव्वदी ओलांडली म्हणजे मी बहिरी झाले असं समजू नका. विचारते आहे, माझा धाकटा भाऊ माझ्या मधल्या भावाच्या फातिह्याला आला का?"

"नाही आला, बीबी," सलवा म्हणाली.

एवढं बोलायलासुद्धा तिला जड गेलं. वडलांना जाऊन तीन दिवस होत आले होते. दिवसभर माणसं येत होती, दारातल्या रांगेशी हात मिळवत होती, तंबूत बसून फातिहा पढत होती, कॉफीचा घोट घेऊन उठत होती. बसरा बंदरातले जुने सहकारी आले, ज्यांच्या मुलांना बाबांनी फुकट गणित शिकवलं ते आले, पलीकडच्या गावचे शेतकरी आले. आणि बागांना पाणी देणाऱ्या नहरेच्या त्या तीरावर, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर राहणारा सख्खा भाऊ आला नव्हता.

"आज दिवस मावळायला, मगरीबच्या नमाजाआधी तंबू उतरणार," बीबी म्हणाली. "तोवर दाऊद रांगेत उभा राहिला नाही तर संपलं. मग ईदला तुम्ही त्यांच्या घरी जायचं नाही आणि त्यांनी तुमच्या. माझ्या डोळ्यांदेखत हे घर दुभंगणार. हारिसला बोलवा. म्हणावं, जा आणि काकाला हाताला धरून घेऊन ये."

"हारिस जाणार नाही," कोपऱ्यातून सलवाची आई नजीबा म्हणाली. तिची इद्दत सुरू झाली होती, आता चार महिने दहा दिवस तिला उंबरा ओलांडायचा नव्हता. तीन दिवसांत ती मोजून दहा वाक्यं बोलली असेल. रडली तर मुळीच नव्हती, आणि त्यावरून बायका आपसात कुजबुजत होत्या.

सलवाचा भाऊ हारिस का जाणार नाही हे घरात सगळ्यांना पाठ होतं. तेवीस वर्षांपूर्वी बाबांनी, म्हणजे याकूब इंजिनियरनं, नहरेवर तोंडापासून जरा आत लोखंडी दार बसवलं होतं. उन्हाळ्यात नदी ओसरली की समुद्राचं खारं पाणी भरतीबरोबर वर चढायचं आणि अबुल-खसीब गावच्या बागा जाळत सुटायचं. ते पाणी अडवायला हे दार. आराखडा याकूबचा, लोखंड भंगारातलं, मजुरी घरच्यांची. पाच बागा वाचल्या. आणि दुसऱ्याच वर्षी दाऊदनं भर दुपारी घण घालून ते दार फोडलं. का फोडलं, तर जळफळाट. घरात हेच सांगितलं जायचं. नंतर दार पुन्हा बसवलं, जरा पुढं सरकवून. भाऊ मात्र पुन्हा बोलले नाहीत.

सलवा ही कहाणी गेली बावीस वर्षं ऐकत आली होती. आता ती एक्कावन्न वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी बाई होती, आणि बाबा चुकू शकतात ही कल्पना तिच्या मनाला कधी शिवलीच नव्हती. कशी शिवणार? हा माणूस कलिंगडसुद्धा कोनमापक लावून कापायचा. घरात नऊ माणसं, म्हणजे प्रत्येकाला चाळीस अंश. बागेतल्या प्रत्येक खजुरीला त्यांनी पत्र्याचा बिल्ला ठोकला होता आणि पाढे त्या रांगांवरून शिकवले होते. सत्त्याऐंशीव्या वर्षी, जायच्या आदल्या गुरुवारी, ते शिडीवर चढून वाळक्या झावळ्या छाटत होते, आणि आई खालून शिव्या घालत होती.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारावर थाप पडली. खलफ होता. साठीचा, काटक, अख्ख्या गावाच्या खजुरींवर चढणारा. दोरीचा पट्टा खांद्यावर होता आणि नजर पायांकडं.

"बाई, वेळ वाईट आहे, कळतंय मला. पण तुमच्या खजुरींच्या फुलांच्या पोया फुटून आज पाचवा दिवस. आज नराचा तुरा बांधला नाही तर यंदा फळ धरणार नाही. एकाही झाडाला."

"मग बांध ना, खलफ. विचारतोस काय?"

"बांधू कशानं? नराची फुलं द्या."

"बागेतल्या नरावरून काढ."

खलफनं कान खाजवला. "या बागेत नर आहे कुठं? दोन होते, ते लढाईत तोफेनं उडाले. तुम्ही तेव्हा शाळेत होता."

"मग बाबा इतकी वर्षं..."

"मला नका विचारू. मी झाडावर चढतो, लोकांच्या घरात डोकावत नाही. फुलांची टोपली तुमचे बाबा, अबू हारिस, माझ्या हातात द्यायचे, मी वर जायचो."

"दाऊदकडून," मागून आवाज आला.

नजीबा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा हात धरून बीबी बद्रिया, आणि त्यांच्या मागं, पाणी प्यायला म्हणून आत आलेला हारिस. तीन दिवस उभा राहून त्याचे डोळे तांबारले होते.

"काय दाऊदकडून?" हारिस म्हणाला.

"फुलं. दर वर्षी तो दाऊदकडून आणायचा."

"युम्मा, काहीतरीच काय बोलतेस!"

"मी काहीतरी बोलत नाही, हारिस. तू बगदादला असतोस. ईदला येतोस, खजूर खातोस, डबा भरून नेतोस. तो कशावर धरतो ते विचारलंस कधी?"

हारिस मोठ्या हॉस्पिटलातला हृदयाचा डॉक्टर, पण आईपुढं शाळकरी पोर व्हायचा. तो एकदम उसळून म्हणाला, "ते काही असो. ज्यानं बाबांचं दार घणानं फोडलं त्याच्या दारात मी टोपली घेऊन भीक मागायला जाणार नाही. यंदा खजूर नाही आला तरी चालेल."

"आणि फातिहा उठायच्या आत बागेत माणूस चढवायचा?" बीबीनं मध्येच तोंड घातलं. "कॉफी अजून गरम आहे आणि हे निघाले झाडांवर! लोक तोंडात शेण घालतील."

"ऑगस्टात तेच लोक टोपल्या घेऊन येतील, बीबी," नजीबा म्हणाली. "खलफ, पट्टा आवळ. सलवा, तू जा."

सलवानं अबाया डोक्यावरून घेतली आणि मागच्या वाटेनं निघाली.

नहरेवर खजुरीच्या दोन ओंडक्यांचा पूल होता. भरती चढत होती, पाणी ओंडक्यांपासून हातभरावर येऊन पोचलं होतं. लहानपणी ती या पुलावरून पळत जायची, कारण अम्मो दाऊदच्या, म्हणजे काकाच्या, अंगणात पिंजऱ्यात एक तित्तिर होता. गेल्या बावीस वर्षांत तिनं पुलावर पाय ठेवला नव्हता.

दाऊद अंगणात बाकावर बसला होता. धुतलेला पांढरा डगला, डोक्याला काळा रुमाल, पायांत चपला. कुठंतरी निघालेला आणि निघता निघता बसून राहिलेला माणूस. शेजारी झाकलेली टोपली.

"सलवा," तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला. "तुझं कपाळ त्याच्यावर गेलंय. ने. तयारच आहे."

तिनं फडकं उचललं. पांढरे, पिठूळ तुरे, वासानं डोकं भणभणावं इतके ताजे.

"तीन दिवस रोज जुने टाकतोय आणि नवे काढतोय," दाऊद म्हणाला. "न्यायला तो येणार नाही, एवढंच डोक्यात शिरत नव्हतं."

"अम्मो, ते दर वर्षी यायचे?"

"पोया फुटल्या की दुसऱ्या दिवशी. दुपार कलून असरची नमाज झाली की त्या पुलावर येऊन उभा राहायचा. मी टोपली मधोमध ठेवायचो आणि परत फिरायचो. सलाम नाही, कलाम नाही. बावीस वर्षं."

"तुम्ही का द्यायचात?"

"झाडांनी काय माझं वाकडं केलं होतं?"

सलवा त्याच्यासमोर खाली उकिडवी बसली. "अम्मो, चला माझ्याबरोबर. बीबी डोळ्यांत प्राण आणून वाट बघतेय. आज तंबू उतरेल. तुम्ही कपडे घालून बसलाहात, तुम्हालाही यायचंच आहे."

"यायचंय," दाऊद म्हणाला. "रोज सकाळी कपडे घालतो. पण इथं बसून तुमचा भोंगा ऐकू येतो मला. जो उठतो तो त्या दाराचं कौतुक करतो. याकूबनं दार बसवलं, याकूबनं बागा वाचवल्या. त्या रांगेत उभं राहून मी ते ऐकू? आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत वाचू की हाच तो दार फोडणारा? वल्ला, पाय उचलत नाही."

"पण तुम्ही फोडलंत ना?"

"फोडलं. माझी बाग कुठं आहे ते बघ. दाराच्या या, नदीकडच्या अंगाला. मी त्याला म्हटलं होतं, दार नदीकडं दोनशे पावलं पुढं घे, नाहीतर अडलेली भरती माझ्या बागेच्या पाटात, फाट्यात घुसेल. तो म्हणाला, तुझा फाटा चार बोटं उंच आहे, मी मोजलंय. मी म्हटलं, मी इथं जन्मलोय, पाणी कुठं वळतं ते मला माहीत आहे. तो म्हणाला, दाऊद, तू इंजिनियर नाहीस." त्यानं हात मांडीवर पुसले. "उन्हाळाभर खारं पाणी माझ्या मुळांशी तुंबून राहिलं. झाडं शेंड्यापासून करपत गेली, उंचवट्यावरचे नर तेवढे राहिले. आमच्या बापानं लावलेली झाडं. रोज सकाळी उठून बघायचो, आज कुठली. तेव्हा घण उचलला मी."

सलवाला वाटलं, नाकारावं. म्हातारा स्वतःला सावरून घेतोय असं म्हणावं. पण दोनशे पावलं पुढं. दुसऱ्यांदा दार बसलं ते तिथंच बसलं होतं, आणि तो बदल का केला हे तिनं, गणिताच्या बाईनं, कधी विचारलं नव्हतं.

"एकदा," दाऊद म्हणाला. "एकदा नुसतं म्हणाला असता, दाऊद, चुकलो. मी त्याच्या पायाशी बसलो असतो. जा आता. तुरे सुकतील."

खलफ चढला तेव्हा दुपारची, जोहरची नमाज होऊन गेली होती. सलवा खाली उभी राहून एकेक तुरा वर देत होती. ते संपवून ती थेट आईच्या खोलीत गेली आणि हारिसला निरोप धाडला. तो आला. बीबी तिथं होतीच. सलवानं सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता.

"खोटं आहे," हारिस म्हणाला. "बाबांची मोजणी चुकणार? त्यांनी बंदराचा गाळ काढला, लढाईनंतर बुडलेल्या जहाजांच्या मधून वाट काढून दिली. त्या माणसाला एका नहरेची उंची कळली नाही? म्हातारा काहीही सांगेल आणि तू येऊन आम्हाला ऐकवशील."

नजीबा उठली. कपाटातून याकूबची जाड वही काढली. झाडांची वही. कुठल्या बिल्ल्याला किती घड आले, कुठल्या साली, सगळं त्यात. शेवटून दुसरं पान उघडून तिनं ती हारिसच्या हातात दिली.

अक्षर बाबांचं, सरळ, आखीव. हारिस मनातल्या मनात वाचू लागला, मग त्याचे ओठ हलायला लागले, आणि शेवटी नकळत तो मोठ्यानं वाचत होता.

"उंची नहरेच्या तोंडाकडून फाट्याकडे मोजली. उलट मोजून ताळा घेतला नाही. घाई केली. नंतर घेतला. फाटा चार बोटं उंच नाही, सहा बोटं खोल आहे. दाऊदची मेलेली झाडं, त्रेसष्ट. चूक माझी."

बाहेर तंबूत कुणी कारी सुरेल आवाजात कुराण पढत होता.

सलवाला राग आला. बाबांचा राग, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तोही ते गेल्यावर तीन दिवसांनी. "मग सांगितलं का नाही? वहीत लिहिलं! वहीला काय करायचंय?"

"गेला सांगायला," नजीबा म्हणाली. "पुलापर्यंत. दर वर्षी. घरातून निघताना म्हणायचा, नजीबा, यंदा बोलतो. आणि टोपली घेऊन परत यायचा. मग रात्री जेवायचा नाही."

"तू तरी सांगायचंस, युम्मा!"

"मला शपथ घातली होती त्यानं. म्हणाला, हे माझ्या तोंडून निघायला हवं. नाही निघालं."

असरनंतर, शेवटच्या फातिह्याआधी हारिस वडलांच्या आयुष्याचा कागद वाचणार होता. लिहिलेला सलवानं. जन्म, शिक्षण, बंदरातली एकतीस वर्षं, लढाई, लग्न, मुलं, बाग, दार. तिनं तो कागद काढला, दाराच्या ओळीपाशी आली आणि पेन टेकवलं.

"काय करतेस?" हारिस म्हणाला.

"पुरं करते."

"वेड लागलं का? बापाच्या फातिह्यात बापाची चूक वाचायची? भोंग्यावर? गावापुढं?"

"दाऊदनं बावीस वर्षं गावापुढंच ऐकून घेतलंय."

बीबी बद्रिया, जी सकाळपासून दाऊदसाठी जीव टाकत होती, तीच आता हारिसच्या बाजूला गेली. "नको गं, पोरी. मेल्या माणसाचं असं चव्हाट्यावर मांडतात का? दाऊदला मी समजावते. हळूच कानात सांगू त्याला. वही दाखवू. घरातलं घरात."

"घरातलं घरात ठेवूनच इथवर आलोय, बीबी," सलवा म्हणाली.

"त्याला लोक हसतील! माझ्या याकूबला!"

सगळ्यांनी नजीबाकडं पाहिलं. ती पलंगाच्या कडेवर बसली होती, मांडीवर हात.

"बासष्ट वर्षं मी त्याच्याबरोबर काढली," ती म्हणाली. "खोटं बोलता यायचं नाही त्याला, आणि खरंही बोलता आलं नाही. त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलंय, चूक माझी. आज तुम्ही ते दडपलंत तर उद्यापासून ती त्याची चूक राहणार नाही, तुमची होईल. लिही, सलवा. हारिस, वाचायचं की नाही ते तू ठरव. भोंगा तुझ्या हातात आहे."

सलवाचं लिहून झाल्यावर हारिसनं कागद घेतला, घडी केली, खिशात टाकला आणि तंबूकडं गेला.

असर झाली. तंबू खचाखच भरला होता. बायका खिडकीच्या पडद्यामागं दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. सलवाला फटीतून हारिसची पाठ दिसत होती, आणि त्याच्या पलीकडं नहर. भोंगा खरखरला.

हारिस वाचू लागला. आवाज डॉक्टरचा, सपाट. वडील कुठं जन्मले, दिव्याखाली कसे शिकले. बंदरात साहेबाला कसं म्हणाले होते की साहेब, नदी तुमचा हुकूम मानत नाही. लढाईत मुलांना घेऊन नासिरियाला गेले आणि परतल्यावर आधी घर बांधलं नाही, आधी रोपं लावली. लोक माना डोलावत होते. कलिंगडाची गोष्ट आली तेव्हा म्हातारे हलकेच हसले, आणि कुणीतरी रडलं.

"शहाण्णव साली," हारिस वाचत होता, "खारं पाणी अडवायला त्यांनी नहरेवर दार बसवलं. त्या दारानं पाच बागा वाचल्या."

तो थांबला. तंबूतून "अल्ला त्याच्यावर रहम करो" असे आवाज उठले. हारिस थांबूनच होता. सलवानं पडद्याची कड मुठीत धरली. तिला वाटलं, गाळणार हा. आणि क्षणभर तिलाही वाटून गेलं, गाळू दे.

"त्या दारानं पाच बागा वाचल्या," हारिस पुन्हा म्हणाला, आणि आता आवाज डॉक्टरचा राहिला नव्हता. "आणि एक मारली. माझ्या वडलांची मोजणी चुकली होती. माझ्या काकांनी, दाऊद अब्दुल-वाहिद यांनी, आधी सांगितलं होतं, ते ऐकलं नाही. काकांची त्रेसष्ट झाडं गेली. दार फोडलं ते त्यांनी योग्य केलं. माझ्या वडलांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय, चूक माझी. त्यांना ते तोंडानं म्हणता आलं नाही. म्हणून त्यांचा मुलगा म्हणतोय."

कॉफीवाल्याच्या पेल्यांचा आवाज बंद पडला. बीबी बद्रियानं अबायाच्या टोकात तोंड लपवलं. मग पुढच्या ओळीतल्या कुणी म्हाताऱ्यानं हात वर केले, "अल-फातिहा" म्हणाला, आणि सगळा तंबू पढू लागला.

पढणं संपेपर्यंत दाऊद पुलावर आला होता. पांढरा डगला, काळा रुमाल. ओंडक्यांवरून चालताना तोल जात होता, पण कुणी धरायला धावलं नाही, कारण तो कुणाला धरू देईल असं दिसत नव्हतं. माणसांनी वाट करून दिली. तो थेट हारिससमोर येऊन उभा राहिला. हारिसच्या हातात भोंग्याचा माइक तसाच चालू होता.

"त्रेसष्ट नाही," दाऊद म्हणाला, आणि ते अख्ख्या अबुल-खसीबनं ऐकलं. "एकसष्ट."

हारिसला कळेना.

"एकसष्ट गेली. दोन झाडांचा गाभा जिवंत होता. तिसऱ्या वर्षी हिरवी पात फुटली. आज दोन्ही फळावर आहेत." त्याचा श्वास भोंग्यातून मोठा ऐकू येत होता. "तो पुलावर यायचा तेव्हा त्याला दिसू नयेत म्हणून मी मध्ये चटया बांधल्या होत्या."

हारिसनं त्याला मिठीत घेतलं, मग खांद्याला धरून रांगेत पहिल्या जागी उभं केलं आणि स्वतः एक पाऊल खाली सरकला. माणसं उठून पुन्हा रांगेकडं यायला लागली, सकाळी येऊन गेलेलीसुद्धा.

पडद्यामागं नजीबा भिंतीला धरून खाली बसली. तीन दिवसांत न आलेलं रडं आता तिला आवरेना. सलवानं तिला जवळ घेतलं.

"दोन जगली होती," नजीबा हुंदके देत म्हणत राहिली. "अरे दाऊद, एवढं तरी सांगायचं होतंस रे त्याला."